वाटखर्चाची वाटणी

मैत्री तुटण्याची जी कारणे जगात आढळतात, त्यांत मोठी कारणे थोडी आणि लहान कारणे फार. बांधाच्या हातभर जमिनीवरून भाऊबंद न्यायालयाची पायरी चढतात हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु अर्ध्या लीटर पेट्रोलावरून दोन जिवलग मित्र रस्त्यात एकमेकांस पाहून मान फिरवितात, हे कोणी बोलून दाखवीत नाही. कारण त्या भांडणात भांडण असे झालेलेच नसते. एकाने काही मागितलेले नसते, दुसऱ्याने काही नाकारलेले नसते. तरीही एके दिवशी दोघांचे रस्ते वेगळे झालेले असतात. रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च मित्राबरोबर वाटून घ्यावा की काय, आणि घ्यावयाचा तर कसा, ह्या विषयावर आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. विषय किरकोळ आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते पुढे येईलच.

आमचे भिंगार नगर शहरास अगदी लागून आहे. ह्या शहराचे अधिकृत नाव २०२४ साली अहिल्यानगर असे झाले; तथापि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यास नुसते 'नगर' म्हणत आले, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. शहर इतके जवळ असूनही, किंबहुना जवळ असल्यामुळेच, येथील पुष्कळ कर्त्या माणसांस पोटासाठी रोज सकाळी गाव सोडावे लागते. कोणी पेठेतील दुकानात जातो, कोणी कचेरीत, कोणी शाळेत, तर कोणी किल्ल्यास वळसा घालून मनमाडच्या रस्त्याने नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत. सकाळी आठाच्या सुमारास रस्त्याच्या कडेस उभे राहिले असता असे दिसते की, मोटारसायकलींपैकी बऱ्याचशांवर दोन माणसे असतात. पुढचा हाकणारा, मागचा मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसलेला. ह्या मागच्या माणसांपैकी काहींस आम्ही सहज विचारून पाहिले, "पेट्रोलाचे काय देता?" बहुतेक हसले व म्हणाले, "मित्रच आहे हो, त्यात काय!" पुढच्या माणसांस विचारले तेव्हा तेही हसले, पण ते हसणे किंचित निराळे होते.

वाटखर्च अनेकांनी मिळून सोसणे ही काही नवी गोष्ट नव्हे. ह्या बाबतीत आपल्या नगरास तर एक मान लाभलेला आहे. १९४८ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून सुटली ती नगरासच आली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक होते. आता ही एस. टी. म्हणजे तरी काय? एका गाडीच्या खर्चाची पुष्कळांनी मिळून केलेली वाटणी. सहा किलोमीटरांचा एक टप्पा धरावा, आणि जो जितके टप्पे जाईल त्याने तितक्या टप्प्यांचे द्यावे, एवढाच तो हिशेब. वाहक पैसे मागतो तेव्हा कोणास राग येत नाही. विद्यार्थी पास दाखवितो, २०२३ च्या मार्च महिन्यापासून महिलांस अर्धे भाडे पडू लागले. परंतु सवलत घेणारा मनुष्य मान खाली घालून बसला आहे असे आम्ही कधी पाहिले नाही. ह्याचे कारण असे की, तेथील नियम आधी ठरलेला आहे, तो सर्वांस ठाऊक आहे, आणि पूर्ण देणारा, अर्धे देणारा व काहीच न देणारा हे सारे त्या एकाच नियमाच्या आधारे बसलेले आहेत.

मित्राच्या गाडीवर मात्र वाहक नसतो. तेथे कोणी मागावे, केव्हा द्यावे, किती द्यावे, काहीच ठरलेले नसते. आणि जे ठरलेले नसते ते भिडेच्या हाती जाते. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगून गेले. ह्या म्हणीचा अर्थ आम्ही लहानपणी शाळेत पाठ केला होता. तो कळला मात्र नोकरीस लागल्यावर, आणि त्यासाठी जी फी भरावी लागली तिची हकीकत येथे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी आपला दोष आपल्या तोंडाने सांगितलेला बरा.

ह्या गोष्टीस वीस वर्षे होत आली. आम्ही नुकतेच शिक्षकाच्या कामावर लागलो होतो आणि शाळा शहराच्या पलीकडच्या अंगास होती. आमच्याच आळीत राहणारा एक बालमित्र नागापुरात कामास जात असे. त्याने हप्त्याने मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच सोमवारी दारात येऊन हाक मारली, "चल, तुझी शाळा वाटेवरच आहे." त्या दिवसापासून सुमारे दीड वर्ष आम्ही त्याच्या मागे बसून गेलो. आरंभी पैशांचा विचार मनात आला नाही असे नाही. परंतु प्रत्येक वेळी मनाने त्यावर एक उत्तर तयार ठेविले होते. तो जाणारच आहे, आम्ही बसलो म्हणून त्यास अधिक ते काय लागते? पुन्हा, पैसे पुढे केले तर त्यास अपमान वाटेल. एका नाताळात आम्ही त्याच्या घरी करंज्यांचा मोठा डबा पाठविला आणि आता आपण उतराई झालो, असे मानून स्वस्थ बसलो.

एके दिवशी महिनाअखेरीस तो पेट्रोल पंपावर थांबला. त्याने खिशातून चुरगळलेल्या दहा-दहाच्या नोटा काढल्या, त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि चाळीस रुपयांचे पेट्रोल मागितले. आम्ही मागेच उभे होतो. आमच्या खिशात पैसे होते. आम्ही काय केले असेल? आम्ही तोंड फिरवून रस्त्यापलीकडील झाडांकडे पाहू लागलो. ती झाडे आम्ही रोज पाहत होतो. त्या दिवशी त्यांत पाहण्याजोगे नवीन काही नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने सांगितले की कामाची पाळी बदलली आहे, उद्यापासून त्यास लवकर निघावे लागेल. आम्ही रिक्षाने जाऊ लागलो. पुढे पंधरा-वीस दिवसांनी, नेहमीच्याच वेळेस, दुसऱ्या एका रस्त्यावर तो आम्हांस एकटाच जाताना दिसला. त्याने आम्हांस पाहिले व आम्ही त्यास पाहिले. संध्याकाळी घरी येऊन आम्ही सांगितले की, गाडी आल्यापासून त्याचा भाव वाढला आहे. हे आमचे म्हणणे किती हीन होते ते आज कळते. आठ महिने आमचे बोलणे नव्हते. आळी तीच, घरे तीच, रविवारी उपासनेहून परतताना रस्ताही तोच. पण दोघेही रस्त्याच्या दोन कडांनी चालत असू.

मग एका रात्री आमच्या मातोश्रींस एकाएकी फार बरे वाटेनासे झाले. रात्रीचे दोन वाजले होते, वाहन मिळेना. दुसरा उपाय न दिसल्याने आम्ही त्याचेच दार ठोठावले. तो काही न विचारता शर्ट चढवीत बाहेर आला, कोपऱ्यावर राहणाऱ्या एका ओळखीच्या रिक्षावाल्यास त्याने उठवून आणले आणि स्वतः मोटारसायकलीवर पुढे जाऊन दवाखान्याचे फाटक उघडवून ठेविले. पहाटेपर्यंत तो बाकावर बसून होता. मातोश्रींचे दुखणे त्या खेपेस निभावले. दोन दिवसांनी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आम्हांस विचारले, "त्याला पैसे दिलेस का रे?" आम्ही म्हणालो, "त्या रात्रीचे? उद्याच देतो." त्यावर त्या म्हणाल्या, "रात्रीचं देऊ नको हं. ते त्यानं दिलंय. रोजचं दे."

आमच्या मातोश्री चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. ह्या विषयावर आम्ही पुढे जे जे ऐकले व वाचले, त्यात त्यांच्या ह्या तीन लहान वाक्यांहून अधिक नेमके आम्हांस काही आढळले नाही. मित्राने संकटात केलेले साहाय्य ही देणगी होय. तिची किंमत मोजून हातावर ठेवणे म्हणजे ती परत करणे होय. परंतु रोज सकाळी त्याच्या गाडीवर बसणे ही देणगी नव्हे. तो दोघांचा मिळून चाललेला व्यवहार आहे, आणि व्यवहारात आपला वाटा न देणे म्हणजे देणगी घेणे नव्हे, तर न विचारता उचलणे होय. आम्ही देणगीचे पैसे देऊ पाहत होतो आणि व्यवहाराचे बुडवून बसलो होतो.

हा भेद आपल्या शेतकऱ्यांस शहाण्यासुरत्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. ज्याच्या दावणीस एकच बैल, तो नांगरणीच्या वेळी तसाच एक बैल असलेला शेजारी पाहून त्याच्याशी सावड करी. दोन घरचे दोन बैल मिळून एक जोडी होई. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, असे पाळीपाळीने काम चाले. पाळी कोणाची हे दोघांसही ठाऊक असे आणि त्यात चुकारपणा करणाऱ्याशी पुढल्या वर्षी कोणी सावड करीत नसे. इर्जिकेची तऱ्हा निराळी. कोणाचे काम अडून राहिले तर शेजारपाजारचे लोक आपापली औते घेऊन येत, एका दिवसात काम उरकून देत, आणि ज्याचे काम असे तो त्यांस जेवू घाली. तेथे दिवसांचा हिशेब कोणी मांडीत नसे. एकाच गावात, एकाच माणसांमध्ये ह्या दोन्ही रीती सुखाने नांदत. कारण आज चालले आहे ती सावड की इर्जीक, हे कोणास विचारावे लागत नसे. आमच्या दोघांचे जे बिनसले ते ह्यामुळेच. मित्र मनात सावड धरून चालला होता, आणि आम्ही दीड वर्ष इर्जिकेचे जेवण जेवीत होतो.

"तो जाणारच आहे, आपण बसल्याने त्यास अधिक काय लागते?" हा जो आक्षेप आहे, त्याचेही उत्तर सावडीतच सापडते. शेजाऱ्याचा बैल औतास जुंपला नाही तरी वैरण खातोच. तो बसून राहिला म्हणून दावणीचा खर्च चुकत नाही. म्हणून आपण तो सबंध हंगामभर फुकट जुंपावा, असे कोणी म्हणतो काय? शिवाय दोन माणसे बसली असता गाडीस पेट्रोल थोडे अधिक लागतेच, टायर व ब्रेक अधिक झिजतात आणि थांबण्यात वेळ जातो. आणि हे काहीच अधिक लागले नाही असे मानले, तरी मुख्य मुद्दा उरतोच. त्या गाडीमुळे आमचे रोजचे रिक्षाचे पैसे वाचत होते. दोघांच्या मिळून झालेल्या बचतीपैकी सारीच्या सारी एकट्याने घरी न्यावी आणि दुसऱ्याकडे चाळीस रुपयांचे पेट्रोल असावे, ह्यास न्याय म्हणता येत नाही.

ह्याच्या उलट टोकाचाही एक दोष आहे. तोही सांगितला पाहिजे. काही गाडीवाले मागे बसणाऱ्याकडून रिक्षाला पडले असते तितके पैसे घेतात. ही वाटणी नव्हे, हे भाडे झाले. मित्राकडून नफा घ्यावयाचा नाही, हा आमच्या मते पहिला नियम. कायद्याचेही इकडे लक्ष आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवाना नसलेले खासगी वाहन भाड्याने चालविता येत नाही, आणि खासगी वाहनाच्या विम्यातही भाड्याचा वापर वगळलेला असतो. म्हणून जो प्रत्यक्ष खर्च झाला तोच वाटावा. त्यावर एक रुपयाही चढवू नये.

आता तो खर्च काढावयाचा कसा? हा भाग आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी पाटीवर मांडून पाहावा, कारण त्रैराशिकाचा ह्याहून उपयोगी नमुना क्रमिक पुस्तकात मिळणे कठीण. एक मनुष्य रोज बारा किलोमीटर जातो व बारा किलोमीटर येतो असे धरू. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस. म्हणजे महिन्यास ६०० किलोमीटर झाले. गाडी लीटरमागे ५० किलोमीटर चालली तर पेट्रोल १२ लीटर लागेल. २०२१ साली आपल्या राज्यात पेट्रोलाने लीटरमागे शंभर रुपयांचा आकडा ओलांडला. हिशेबाच्या सोयीसाठी आपण शंभरच धरू. पेट्रोलाचे १२०० रुपये झाले. तेल, टायर व दुरुस्ती ह्यांसाठी महिन्यास ३०० रुपये बाजूस काढावेत. एकूण १५०० रुपये. म्हणजे किलोमीटरास अडीच रुपये. दोघेही सबंध वाट बरोबर जात असतील तर प्रत्येकी ७५० रुपये, हे उघड आहे. परंतु मित्र आठव्या किलोमीटरास उतरत असेल तर? मग बरोबर केलेली वाट महिन्यास ४०० किलोमीटर, तिचा खर्च १००० रुपये, आणि मित्राचा वाटा ५०० रुपये. उरलेले १००० गाडीवाल्याने सोसावे, कारण शेवटचे चार किलोमीटर तो एकटाच आपल्या कामासाठी जातो. मित्रास घेण्यासाठी व सोडण्यासाठी जर प्रत्येक खेपेस एक किलोमीटर आड जावे लागत असेल, तर त्या महिन्याच्या ५० किलोमीटरांचे १२५ रुपये मित्राने एकट्याने द्यावेत. एवढे गणित ज्यास येते त्यास ह्या बाबतीत भांडण्याचे कारण उरत नाही.

कोणी म्हणतात, गाडीच्या हप्त्यातही मागे बसणाऱ्याने भाग घ्यावा. आम्हांस हे पटत नाही. हप्ते फिटल्यावर गाडी ज्याची होणार, हप्ता त्याचा. झीज मात्र दोघांची, कारण ती दोघांच्या वापराने होते. हाकण्याच्या श्रमाचे काही धरावे काय, असेही एकाने आम्हांस विचारले. ते धरू नये. थंडीवाऱ्यात पुढे बसून दुसऱ्यास सुखरूप पोहोचविणे हा त्या व्यवहारातील मैत्रीचा भाग आहे, आणि त्याची फेड मागच्याने वेळेवर दारात उभे राहून करावी. दुसऱ्याची दहा मिनिटे रोज खर्च करणारा मनुष्य महिन्याच्या शेवटी पाचशे रुपये देऊनही देणेकरीच राहतो.

विम्याविषयी एक गोष्ट पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. कायद्याने जो किमान विमा सक्तीचा केला आहे, त्यात रस्त्यावरील तिऱ्हाइताच्या नुकसानीची सोय असते. परंतु दुचाकीवर मागे विनामूल्य बसलेल्या मनुष्याची जबाबदारी त्या किमान विम्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. म्हणून रोज मित्राच्या मागे बसून जाणाऱ्याने एकदा विम्याचा कागद उघडून पाहावा. मागच्याचा समावेश करण्यासाठी जो जादा हप्ता पडत असेल तो मागच्यानेच द्यावा; कारण ती सोय त्याच्याच घरच्यांसाठी आहे. हेल्मेट दोघांनीही घालावे आणि तिसऱ्यास कधीही बसवू नये, हे तर कायदाच सांगतो.

युरोप-अमेरिकेतील लोकांस आपण हिशेबी म्हणतो; परंतु त्यांनाही हा धडा सहज आला असे नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पेट्रोल व रबर ह्यांची टंचाई होती. १९४३ साली तेथील सरकारने एक भित्तिपत्रक काढले. त्यात मोटारीत एकटाच बसून चाललेला गृहस्थ दाखविला होता आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेत हिटलरची आकृती रेखाटली होती. जो एकटा जातो तो शत्रूस साहाय्य करतो, असा त्याचा आशय. त्याच काळात आपल्या देशातही पेट्रोल मोजून मिळे आणि कोळशाच्या वायूवर मोटारी चालत. टंचाई होती तोवर शेजारी शेजाऱ्यास गाडीत घेई. टंचाई सरली तशी जो तो पुन्हा आपापल्या गाडीत एकटा बसू लागला. ह्यावरून आम्ही असे समजतो की, नुसत्या गरजेवर उभारलेला सहप्रवास गरज संपताच मोडतो. तो टिकावयाचा तर त्यास रीत असावी लागते.

ती रीत अशी. पहिल्या दिवशीच, गाडीवर बसण्यापूर्वी, विषय काढावा. आणि तो मागे बसणाऱ्याने काढावा. मागणे हे देण्याहून कठीण असते, म्हणून बोलण्याचा भार ज्यास सोपा त्याने उचलावा. रक्कम महिन्याची ठरवावी, रोजच्या रोज नाणी मोजू नयेत. रोजच्या मोजणीने मन कोते होते. पैसे ठरलेल्या तारखेस, न मागता द्यावेत. येणार नसल्यास आदल्या रात्री कळवावे. पेट्रोलाचा दर बराच बदलला तर पुन्हा एकदा बसून हिशेब करावा. ह्याखेरीज अधिक नियम नकोत.

मित्राची ऐपतच नसेल तर? हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आमचे उत्तर असे की, मग गाडीवाल्याने ती देणगी आहे असे मनाशी ठरवून एकदाच स्पष्ट सांगावे, "तुझी नोकरी लागेपर्यंत पैशांचे नाव काढू नकोस," आणि नंतर स्वतःही त्याचे नाव काढू नये. मनातही काढू नये. घेणाऱ्याने ती मोकळेपणाने घ्यावी. रविवारी गाडी धुऊन दिली, मुलास गणित शिकविले, तर चांगलेच. परंतु तो हिशेब नव्हे. उघड सांगितलेली सवलत कोणास खाली पाहावयास लावीत नाही, हे आपण एस. टी.त पाहिलेच. खाली पाहावयास लावते ती न बोललेली सवलत.

आणि काही वेळा सहप्रवास न करणे हेच बरे. मित्र वेगाने हाकतो आणि त्यास तसे सांगण्याचे धैर्य आपल्यास होत नाही, तर खुशाल रिक्षाने जावे. दोघांच्या वेळा जुळत नसतील, तर ओढूनताणून जुळवू नयेत. एखादा मित्र काही केल्या वाटा घेतच नाही, अशा वेळीही रोज बसणे सोडून क्वचित बसावे. रोजचे फुकट बसणे त्याच्या उदारपणास फार दिवस पेलेल असे समजू नये.

आता आमची राहिलेली हकीकत. मातोश्रींचे ते बोलणे ऐकल्यानंतरच्या रविवारी आम्ही मित्राकडे गेलो. पंपावर त्या दिवशी आम्ही तोंड फिरविले होते, ते त्यास सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मी पाहिलं होतं." त्याने असेही सांगितले की, त्या काळात त्याचे दोन हप्ते थकले होते, आम्ही आज विचारू, उद्या विचारू, म्हणून तो वाट पाहत राहिला, आणि मागण्याची लाज वाटली म्हणून रस्ता बदलला. मागील दीड वर्षाचे पैसे त्याने घेतले नाहीत. तेव्हा त्या पावसाळ्यापूर्वी गाडीचा मागचा टायर आम्ही बदलून दिला; तो इतका गुळगुळीत झाला होता की पाहून भीती वाटली. आपण त्यावर बसून रोज जात होतो, हे तोवर आम्ही कधी खाली वाकून पाहिले नव्हते. पुढे त्याची बदली होईपर्यंत अकरा वर्षे आम्ही एकत्र गेलो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस एका लहान वहीत आकडा लिहून त्याखाली दोघे सही करीत असू. ती वही आमच्याजवळ आहे. इतकी वर्षे आमच्यात पैशांवरून एक शब्द झाला नाही, ह्याचे श्रेय आमच्या चांगुलपणास नाही. त्या वहीस आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही अजून गाडी हाकण्याच्या वयाचे नाही आणि ते वय होण्यापूर्वी ती हाकूही नये. परंतु तुमच्यापैकी पुष्कळ जण चार-पाच घरांनी मिळून ठरविलेल्या रिक्षातून शाळेत येतात. काही जण शेजाऱ्याच्या वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून येतात. आज घरी गेल्यावर वडिलांस किंवा आईस एवढेच विचारा, "ह्या महिन्याचे दिले का?" दिले असतील तर उत्तम. दिले नसतील आणि अडचण असेल, तर तसे त्या शेजाऱ्यास आजच सांगावयास हवे; उद्या सकाळी तुम्ही त्याच स्कूटरवर बसणार आहा. आणि पालकहो, मुलांनी असे विचारले तर रागावू नका. तो प्रश्न आम्ही त्यांस शिकविला आहे, आणि आम्हांस तो आमच्या मातोश्रींनी शिकविला.